आजी-आजोबांच्या जन्मगावावर मिळणारा ब्रिटनचा व्हिसा

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जायचे म्हटले की बहुतेकांना एकच वाट ठाऊक असते. तिथल्या एखाद्या कंपनीने नोकरी द्यायची, त्या कंपनीकडे परदेशी माणूस बोलावण्याचा परवाना असायचा, आणि पगारही सरकारने ठरवलेल्या रकमेहून कमी नसायचा. स्किल्ड वर्कर व्हिसासाठीची ही सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पाउंड आहे. नोकरी गेली की व्हिसाही धोक्यात येतो.

याच देशाच्या नियमांत आणखी एक वाट आहे. तिच्यात प्रायोजक कंपनी लागत नाही, पगाराची अट नाही, हातात नोकरीचे पत्र असण्याचीही सक्ती नाही, आणि प्रवेशाच्या वेळी इंग्रजीची परीक्षा नाही. व्हिसा पाच वर्षांचा मिळतो आणि त्यावर कुठेही, कोणतेही काम करता येते. तिचे नाव यूके अँसेस्ट्री व्हिसा. मुख्य अट एकच: तुमच्या चार आजी-आजोबांपैकी किमान एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला हवा.

हे वाचून बरेचसे मराठी वाचक पान उलटतील, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही ठरेल. पण सगळ्यांच्या नाही. डॉक्टरकी, बॅरिस्टरी, इंजिनिअरिंग शिकायला किंवा नोकरीनिमित्त विसाव्या शतकात कितीतरी भारतीय जोडपी लंडन, एडिंबरा, लिव्हरपूलला राहिली. काहींना तिथे मुले झाली आणि दोन-चार वर्षांनी कुटुंब परत आले. त्या बाळांपैकी काहीजण आज आजी-आजोबा आहेत. घरात ‘हिचा जन्म विलायतेतला’ एवढीच कौतुकाची गोष्ट उरलेली असते. त्या जन्माचा नातवंडांना काही उपयोग होऊ शकतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

जन्म कुठे झाला, एवढाच प्रश्न

हा व्हिसा आजीचा धर्म, वर्ण, आडनाव किंवा मातृभाषा विचारत नाही. तिचा जन्म कुठे झाला एवढेच विचारतो. १९५० च्या सुमारास मँचेस्टरमध्ये जन्मलेली आणि सहा महिन्यांची असताना पुण्याला आलेली, पुढे आयुष्यात कधी इंग्लंडला न गेलेली मराठी आजी या नियमात बसते. उलट, अस्सल इंग्रज आईबापांच्या पोटी बेळगावच्या किंवा देवळालीच्या छावणीत जन्मलेले आजोबा बसत नाहीत. त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश असला, ते राणीच्या सैन्यात अधिकारी असले, तरीही नाही.

अँग्लो-इंडियन कुटुंबांची सर्वांत मोठी निराशा इथेच होते. भुसावळ, इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत ब्रिटनहून आलेला पूर्वज नक्की असतो. पण तो बहुधा पणजोबा किंवा खापरपणजोबा निघतो. हा नियम आजी-आजोबांवर थांबतो, पणजोबा चालत नाहीत. त्यामुळे शोध घ्यायला बसण्याआधी पिढ्या नीट मोजा. तुम्ही, तुमचे आई किंवा वडील, आणि त्यांचे आई किंवा वडील. बस, एवढीच साखळी. ती आईकडून असो की वडिलांकडून, फरक पडत नाही, आणि चौघांपैकी एक जण पुरतो.

‘ब्रिटन’ म्हणजे इथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. शिवाय चॅनल बेटे आणि आइल ऑफ मॅन चालतात. आज जे आयर्लंडचे प्रजासत्ताक आहे तिथला जन्म असेल, तर तो ३१ मार्च १९२२ पूर्वीचा हवा. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजावर किंवा विमानात झालेला जन्मही धरला जातो. जहाजाने तीन आठवड्यांचा प्रवास करणाऱ्या पिढ्यांच्या काळात ही तरतूद कागदापुरती नव्हती. तुम्ही किंवा तुमचे आई-वडील दत्तक असाल तरी हक्क सांगता येतो, मात्र ते दत्तक ब्रिटनच्या कायद्याला मान्य असले पाहिजे. आई-वडिलांचे किंवा आजी-आजोबांचे एकमेकांशी लग्न झालेले नसले तरी चालते. सावत्र नाते मात्र चालत नाही.

दुसरी अट अर्जदाराच्या पासपोर्टची. तो राष्ट्रकुलातल्या देशाचा हवा. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्ट चालतो. याशिवाय ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचे काही वेगळे प्रकार असलेले लोक आणि झिंबाब्वेचे नागरिक यांनाही परवानगी आहे. झिंबाब्वे २००३ मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडला, म्हणून त्याचे नाव नियमात वेगळे घालावे लागते. यातून आपल्याकडच्या अनेक घरांवर एक परिणाम होतो. एकाच आजीची दोन नातवंडे, एक भारतीय पासपोर्टवाले आणि दुसरे अमेरिकेचे नागरिक झालेले, असतील तर पहिल्याला हा व्हिसा मागता येतो, दुसऱ्याला नाही. दुसऱ्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते कार्ड, असले तरी उपयोग नाही, कारण ते कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे.

वय किमान १७ हवे. वरच्या वयाला मर्यादा नाही, पण काम करण्याची क्षमता आणि खरा इरादा दाखवावा लागतो. त्याकडे पुढे येऊ.

ही अट आली कुठून

या नियमाचा इतिहास सुखद नाही, आणि तो माहीत असलेला बरा.

१९६० च्या दशकात केनियातील भारतीय वंशाच्या लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. स्वतंत्र केनियात जगणे अवघड होऊ लागले तेव्हा ते ब्रिटनकडे निघाले. त्यांना अडवण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९६८ चा राष्ट्रकुल स्थलांतरित कायदा काही दिवसांत मंजूर करून घेतला. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी स्वतःचा, आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी ब्रिटनशी जन्माने किंवा तशाच काही मार्गाने संबंध असल्याशिवाय मुक्त प्रवेश नाही, असे त्या कायद्याने ठरवले. गोऱ्या वसाहतकारांच्या नातवंडांना तो संबंध सहज दाखवता येत होता. नैरोबीतल्या गुजराती, पंजाबी, गोवेकर कुटुंबांना नाही. युरोपीय मानवाधिकार आयोगाने पुढे १९७३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील या आशियाई लोकांच्या प्रकरणात ब्रिटनवर वांशिक भेदभावाचा ठपका ठेवला.

१९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात आई-वडिलांचा जन्म ब्रिटनमध्ये झालेल्या राष्ट्रकुल नागरिकांना थेट वास्तव्याचा हक्क मिळाला. आजी-आजोबांवरून तोच हक्क देण्याचा प्रस्ताव कायद्यातून गळला. मग १९७३ च्या नियमांतून नातवंडांना प्रवेशपत्राची सोय करून देण्यात आली, आणि तीच आजच्या व्हिसाची मूळ जागा. डोळ्यांसमोर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा होते, हे उघड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सवलतीच्या तिकिटावर दहा लाखांहून अधिक ब्रिटिश लोक ऑस्ट्रेलियात गेले होते. त्याआधीच्या काळात एक लाखाहून अधिक अनाथ आणि गरीब ब्रिटिश मुले एकट्याने कॅनडाला पाठवली गेली होती. त्यांच्या नातवंडांसाठी उघडलेले हे दार आहे. पण नियमाचे शब्द जन्मस्थळाचे असल्यामुळे ग्लासगोच्या रुग्णालयात जन्मलेल्या मराठी मुलीच्या नातवालाही त्यातून जाता येते. या हक्काचा वापर करताना संकोच वाटण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

अर्ज करण्यापूर्वीचा एक प्रश्न

तुमच्या घरातला ब्रिटनमधला जन्म आजी-आजोबांचा नसून आई किंवा वडिलांचाच असेल, तर हा व्हिसा मागण्याआधी थांबा. तुम्हाला त्याहून मोठा हक्क असू शकतो.

१ जानेवारी १९८३ पूर्वी ब्रिटनमध्ये जन्मलेली व्यक्ती, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद सोडले, तर जन्मानेच तिथली नागरिक ठरत होती. आई-वडिलांचे राष्ट्रीयत्व काय आहे याने फरक पडत नव्हता. अशा वडिलांचे, विवाहातून झालेले मूल भारतात जन्मले तरी वंशपरंपरेने ब्रिटिश नागरिक असू शकते. आईकडून हा वारसा आपोआप मिळू लागला तो १९८३ नंतर जन्मलेल्यांना. त्याआधी जन्मलेल्यांवर झालेला अन्याय दूर करण्यासाठी आता नोंदणीची वेगळी सोय आहे. शिवाय १९८३ पूर्वी जन्मलेल्या आणि भारतीयच राहिलेल्या काहींना, आई किंवा वडिलांच्या जन्मामुळे, भारतीय पासपोर्टवरच ब्रिटनमध्ये मुक्त वास्तव्याचा हक्क दाखवणारे प्रमाणपत्र मिळू शकते. हे कायदे गुंतागुंतीचे आहेत आणि जन्मतारखेच्या एका दिवसाने उत्तर बदलते. अशा प्रकरणात जाणकाराचा सल्ला घेण्याचा खर्च वाया जात नाही.

आयर्लंडच्या बाबतीतही असेच. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर आयर्लंडच्या परदेशी जन्म नोंदवहीत नाव घालून थेट नागरिकत्व मिळवता येते. फक्त लक्षात ठेवा, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांच्या वंशजांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेताना हाच प्रश्न समोर येतो, आणि तो अनेक घरांनी जवळून पाहिला आहे. अँसेस्ट्री व्हिसाचा मोठा फायदा हाच की तो केवळ व्हिसा आहे. तुम्ही भारतीयच राहता.

कागदांची साखळी

ऑनलाइन फॉर्म भरायला एक संध्याकाळ पुरते. खरे काम त्याआधीचे आहे: तीन पिढ्या कागदांनी एकमेकांना जोडायच्या. प्रत्येक कागदाने पुढच्या कागदावरच्या माणसाचा हात धरला पाहिजे. तुमचा जन्मदाखला तुमच्या आई-वडिलांची नावे सांगतो. आईचा जन्मदाखला तिच्या आई-वडिलांची, म्हणजे तुमच्या आजी-आजोबांची नावे सांगतो. आजीचा ब्रिटनमधला जन्मदाखला तिचे जन्मस्थळ सांगतो. आणि मधल्या काळात लग्नामुळे नावे बदलली असतील तर विवाह प्रमाणपत्रे ती नावे जोडतात. एक कडी सैल असेल तर अधिकारी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून ती घट्ट करत नाही.

सुरुवात ब्रिटनच्या टोकापासून करा, कारण ते टोक सोपे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून, आयर्लंडमध्ये १८६४ पासून. विशेष म्हणजे इंग्लंड-वेल्समधला कोणाचाही जन्मदाखला कोणीही पैसे भरून मागवू शकतो. नाते सिद्ध करावे लागत नाही. तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि दाखला टपालाने घरी येतो. स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्स पीपल हे सरकारी संकेतस्थळ आहे, उत्तर आयर्लंडचे कार्यालय वेगळे आहे.

नोंद शोधताना काही गोष्टी माहीत असल्या की वेळ वाचतो. जुनी सूची महिन्यांनुसार नसून तिमाहीनुसार आहे, आणि ती नोंदणीच्या तारखेवर चालते. इंग्लंडमध्ये जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असते, त्यामुळे मार्चच्या शेवटी जन्मलेले मूल बरेचदा जूनच्या तिमाहीत सापडते. सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासून सूचीत आईचे माहेरचे आडनावही येते, आणि त्याने चुकीच्या नोंदी पटकन गाळता येतात. स्वयंसेवकांनी उभा केलेला फ्रीबीएमडी हा विनामूल्य शोधसंग्रह इथे फार उपयोगी पडतो. मराठी नावांचे स्पेलिंग मात्र इंग्रज कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले असू शकते. वडिलांचे मधले नाव आडनावाच्या जागी गेलेले असू शकते. बाळाचे बारसे झाले नसेल तर नावाच्या जागी नुसते ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ असू शकते. त्यामुळे एकच स्पेलिंग टाकून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

दाखला मागवताना पूर्ण दाखला मागवा. ब्रिटनमध्ये १९४७ पासून एक छोटा दाखलाही मिळतो. त्यावर आई-वडिलांची नावे नसतात, आणि साखळीसाठी नेमकी तीच हवी असतात. आजीच्या कपाटात जपून ठेवलेला दाखला बहुधा हा छोटाच निघतो.

आता भारताच्या टोकाकडे, जिथे बहुतेक अर्ज अडतात.

पहिली अडचण नोंदणीची. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, आणि तो बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या जन्मांच्या नोंदी गावागणिक वेगळ्या. तुमच्या आईचा जन्म १९६० च्या दशकातला असेल तर नोंद कुठे आहे हे आधी ठरवावे लागेल. बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत इथे लक्षात घ्या: कुटुंब नाशिकला राहत असले तरी नोंद आईच्या आजोळच्या गावातल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असू शकते. नोंद सापडली तरी त्यात बरेचदा बाळाचे नाव नसते, फक्त वडिलांचे नाव, लिंग आणि तारीख असते; मग नाव घालून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नोंदच नसेल तर त्या कार्यालयाकडून ‘नोंद आढळत नाही’ असे लेखी घ्या आणि उशिरा नोंदणीची प्रक्रिया सुरू करा. तिला महिने लागतात.

उशिराने, म्हणजे गेल्या वर्षी-दोन वर्षांत केलेल्या नोंदीकडे व्हिसा अधिकारी साशंक नजरेने पाहू शकतो, कारण ती अर्जासाठीच केलेली दिसते. म्हणून तिच्या जोडीला त्या काळातले कागद द्या. शाळा सोडल्याचा दाखला, बाप्तिस्म्याची नोंद, जुने पासपोर्ट, आजोबांच्या नोकरीच्या ठिकाणी दिलेली कुटुंबाची माहिती, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे. जितका कागद जुना आणि दुसऱ्याच कारणासाठी बनलेला, तितके त्याचे वजन जास्त.

दुसरी अडचण लग्नाची. १९५०-६० च्या दशकात धूमधडाक्यात लागलेली बहुतेक लग्ने सरकारदरबारी नोंदलेली नाहीत. महाराष्ट्रात तेव्हाही विवाह नोंदणीचा कायदा होता, पण तो पाळला जात नसे. आजी-आजोबा दोघेही हयात असतील तर त्यांच्या लग्नाची नोंदणी आजही करता येते, आणि ते काम पुढे ढकलू नका. दोघांपैकी एक हयात नसेल तर पतीचे नाव असलेला आजीचा जुना पासपोर्ट, शिधापत्रिका, लग्नपत्रिका, मालमत्तेचे कागद यांतून नाते उभे करावे लागते.

तिसरी अडचण केवळ आपल्याकडची, आणि ब्रिटिश अधिकाऱ्याला ती समजावून सांगितल्याशिवाय कळणार नाही. लग्नात मुलीचे पाळण्यातले नावच बदलण्याची रीत. मँचेस्टरच्या दाखल्यावर सुशीला हे नाव आणि वडिलांचे आडनाव आहे. तुमच्या आईच्या जन्मदाखल्यावर तिची आई म्हणून इंदिरा हे नाव आणि सासरचे आडनाव आहे. या दोन नावांत एकही शब्द सारखा नाही. कागदांपुरत्या या दोन वेगळ्या बायका आहेत. दोन्ही नावे एकत्र असलेला एखादा कागद सापडला तर सोन्याहून पिवळे: विवाह नोंद, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, बँकेचे किंवा विद्यापीठाचे कागद. नसल्यास आजी हयात असतानाच तिचे प्रतिज्ञापत्र करून घ्या, ज्यात जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-वडिलांची नावे, लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव असे सगळे असेल. तिच्या भावाबहिणींपैकी कुणी असेल तर त्यांचेही घ्या.

इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे भाषांतर जोडावे लागते, आणि भाषांतरकाराने ते अचूक असल्याचे लिहून, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क देणे आवश्यक असते. देवनागरीतले एकच नाव तीन भाषांतरांत तीन स्पेलिंगने येणार नाही याची काळजी तुम्हीच घ्यायची आहे.

या सगळ्याबरोबर एक-दोन पानांचे पत्र जोडा. कोणता कागद काय सिद्ध करतो, कुठे नाव बदलले, कुठे तारखेत फरक आहे आणि का, हे सरळ लिहा. फरक लपवण्यापेक्षा आपण होऊन दाखवणे नेहमी चांगले.

पैसा, काम आणि अर्ज

कोणत्याही सरकारी भत्त्याशिवाय स्वतःचा आणि बरोबर येणाऱ्यांचा खर्च आणि राहण्याची सोय करता येईल, हे दाखवावे लागते. नियमात ठरावीक आकडा नाही. बँकेची विवरणपत्रे ताजी हवीत, अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांतली. एखाद्या नातेवाईकाने मदतीचे विश्वासार्ह आश्वासन दिले असेल तर तेही विचारात घेतले जाऊ शकते. माझ्या मते सुरुवातीचे काही महिने पगाराशिवाय निघतील एवढी रक्कम खात्यात काही काळापासून असावी. अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम प्रश्न उभे करते.

कामाचा इरादा दाखवायला नोकरीचे पत्र असेल तर उत्तमच. नसेल तर पाठवलेले अर्ज, आलेली उत्तरे, तुमच्या पेशाला तिथे लागणाऱ्या नोंदणीची सुरू केलेली प्रक्रिया, किंवा स्वतःच्या व्यवसायाचा आराखडा चालतो. शिक्षण घ्यायलाही मनाई नाही, पण केवळ शिकायला जायचे असेल तर हा व्हिसा त्यासाठी नाही.

खर्चाचा मोठा भाग व्हिसाच्या फीचा नसतो, आरोग्य अधिभाराचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरायच्या रकमेचा असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पाउंड आहे आणि पाचही वर्षांचा एकदम भरावा लागतो, म्हणजे ५,१७५ पाउंड. १८ वर्षांखालील मुलांसाठी दर वर्षाला ७७६ पाउंड. अर्ज नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही. चौघांच्या कुटुंबाने हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा.

अर्ज ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो. तिथे विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून असताना या व्हिसावर बदलून घेता येत नाही. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते सहा महिने चालते. बोटांचे ठसे आणि फोटो अर्ज केंद्रावर होतात, निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. प्लास्टिकची वास्तव्य कार्डे २०२४ च्या अखेरीस बंद झाली. आता परवाना ऑनलाइन खात्यात असतो.

जोडीदार आणि १८ वर्षांखालील मुले अवलंबित म्हणून बरोबर येऊ शकतात, आणि जोडीदारालाही काम करता येते. मुलांना मात्र हा हक्क स्वतःचा म्हणून मिळत नाही, कारण त्यांच्यासाठी ती आजी पणजी असते. मोठा मुलगा १७ वर्षांचा झाला असेल आणि सगळ्यांनी जायचे ठरले असेल, तर त्याच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून कामाला लागा.

नकार आला तर बहुतेक वेळा प्रशासकीय फेरतपासणी मागता येते, नकाराचे पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत. अधिकाऱ्याने हातातला कागद चुकीचा वाचला असेल तर तिचा उपयोग होतो. कागदच अपुरे असतील तर ते मिळवून नव्याने अर्ज करणे जास्त शहाणपणाचे.

‘आजोबांच्या कागदांची व्यवस्था आम्ही करतो’ म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. ब्रिटिश दाखला त्यांच्या नोंदवहीशी ताडून पाहणे अधिकाऱ्याला अवघड नाही, आणि फसवणूक सिद्ध झाली तर पुढची दहा वर्षे अर्ज नाकारले जाऊ शकतात. त्या दहा वर्षांत तुमचा खरा, गुणवत्तेवरचा अर्जही अडकतो. सल्ला हवाच असेल तर ब्रिटनमधले वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेले सल्लागार शोधा. नोंदणीची यादी सर्वांना पाहता येते.

पाच वर्षांनंतर

पाच वर्षे सलग राहिल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. त्यासाठी कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून जास्त ब्रिटनबाहेर राहिलेले नसावे, इंग्रजीची बी१ ही मध्यम पातळी आणि ‘लाइफ इन द यूके’ ही चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तुम्ही खरोखर काम करत आहात हेही दाखवावे लागते. पहिल्या दिवसापासूनच्या पगारपावत्या आणि प्रवासाच्या तारखा जपून ठेवा. परवाना नको असेल किंवा अट पूर्ण होत नसेल तर व्हिसा आणखी पाच वर्षांनी वाढवता येतो.

मात्र मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची सर्वसाधारण मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला गेला. त्यामुळे ‘पाच वर्षांत पक्के’ हे गृहीत धरून इथले घर विकण्यासारखे निर्णय घेऊ नका. अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर जे लिहिले असेल तेच खरे धरा, फीच्या बाबतीतही.

कायम वास्तव्यानंतर साधारण एक वर्षाने नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो करायलाच हवा असे नाही. अनेकजण कायम वास्तव्यावर थांबतात आणि भारतीय पासपोर्ट ठेवतात. ब्रिटिश नागरिकत्व घेतले तर भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मग ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. त्या कार्डावर भारतात येण्या-राहण्याला अडचण नसते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते. गावाकडच्या सातबाऱ्यावर तुमचे नाव अजून लागायचे असेल, तर ती वारसनोंद नागरिकत्व बदलण्यापूर्वी करून घ्या.